मशीन कुठं उतरलं

हिवाळ्यात पहाटे कोल्हापूर सोडलं की कागलपर्यंत रस्ता धुक्यात असतो. दोन्ही बाजूंच्या उसातून गार वारा येतो, कुठल्या तरी गुऱ्हाळाचा धूर मिसळलेला गोड वास येतो आणि पुढचं काही म्हणता काही दिसत नाही. दिसतो तो फक्त माझ्या सायकलच्या हँडलवरचा साबणाच्या वडीएवढा उजेड. त्या उजेडात एक बारीक निळी रेघ असते आणि रेघेवर एक बाण. तो बाण म्हणजे मी. अशा वेळी मला पुष्कळदा वाटलं आहे की सायकल वगैरे काही नाहीच. हा बाणच चालला आहे, आणि मी घरी अंथरुणात पडून त्याला स्वप्नात बघते आहे.

त्या उजेडाच्या कोपऱ्यात बॅटरीचा आकडा असतो. तो बघितला की मी जागी होते.

मी भूगोलाची बाई. मुलींच्या शाळेत बावीस वर्षं नकाशावर पट्टी आपटत आले आहे, आणि माझा आवाज तीन वर्ग पलीकडे जातो अशी माझी ख्याती आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. त्यांच्या डोळ्यांसमोर रंकाळ्याभोवतीची एक फेरी असणार. पण मला कुठं थांबायचं हे आयुष्यात कधी कळलं नाही, म्हणून दोन वर्षांत मी एका दिवसात दीडदोनशे किलोमीटर जायला लागले. लग्न केलं नाही. ती गोष्ट वेगळी आहे आणि ती इथे येणार नाही. घरात आई, आबा आणि मी, अशी तीन माणसं.

हँडलवरचं ते यंत्र घेतलं तेव्हा दुकानदार त्याला जीपीएस कॉम्प्युटर म्हणाला. आबांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "मशीन हाय व्हय." तेव्हापासून आमच्या घरात ते मशीन.

आबा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी गडहिंग्लज-आजऱ्याच्या रस्त्यावर गेली. कागल, निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा. झोपेतून उठवून विचारलं तरी मधल्या फाट्यांसकट सांगतील. नोकरीच्या अखेरीला कागदी तिकिटं जाऊन हातात तिकिटाचं मशीन आलं, आणि त्याचा त्यांनी धसका घेतला. मुक्कामाची गाडी असली की गावात पोचल्याबरोबर आधी मशीन चार्जिंगला लावायचं, मग हातपाय धुवायचे. एवढं करून कागदी तिकिटांची पेटी काखेत असायचीच. त्यामुळे माझ्या मशीनबद्दल त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच.

"चार्जिंग किती टिकतंय?"

"खोक्यावर पंधरा तास लिहिलंय."

"खोक्यावर काय, काय बी लिवत्यात. खोकं कवा गेलतं आजऱ्याला?"

खोकं खरंच आजऱ्याला गेलं नव्हतं. नकाशा चालू, पडद्याचा उजेड चालू आणि फोनशी बोलणं चालू, की पंधराचे आठ होतात. मशीन दोन वर्षं उन्हातान्हात फिरलं की आठाचे साडेसहा. मी कागलला जाऊन यायची तोवर ठीक होतं. आजऱ्याला जाऊन यायला मला दहा तास लागतात. मग आबांनी चार्जिंगचं काम आपल्याकडे घेतलं. रविवारी जायचं असलं की शनिवारी दिवेलागणीला ते म्हणायचे, "आण ते मशीन." खुर्चीशेजारच्या बोर्डात स्वतः वायर खोचायचे आणि मग टीव्ही बघत बसायचे. त्यांच्या कामात मी लुडबुड केलेली त्यांना चालायची नाही.

त्यानंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. डॉक्टरांच्या भाषेत हलका. डावा हात लुळा पडला, चालणं काठीवर आलं आणि हळूहळू विसरणं सुरू झालं. आधी शेजारी कोण राहतं ते, मग आपण जेवलो की नाही ते. हाक मारायला आवाज पुरेना म्हणून मी त्यांच्या खुर्चीजवळच्या गजाला एक पितळी घंटी बांधली आणि तिची दोरी त्यांच्या उजव्या हाताशी सोडली. आई हवी असली की दोरी ओढायची, एवढंच ठरलं होतं. पण कंडक्टरच्या हाताशी दोरी आली म्हटल्यावर काय होणार? एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. आई पाण्याचा तांब्या घेऊन निघाली की एक घंटी. पाणी पिऊन झालं की दोन. "मी काय डायव्हर हाय व्हय ह्यांची?" असं आई दिवसातून चारदा तरी म्हणायची आणि थांबायचीही.

पहाटे मी निघताना आमच्या पद्धतीनं "येतो, आबा" म्हणायची. कोल्हापुरात आम्ही बायकासुद्धा 'येतो'च म्हणतो. पुण्याकडचे लोक हसतात, त्यांना हसू दे. आबा दोन घंट्या द्यायचे आणि मी पायडल मारायची.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांना कशात तरी गुंतवा. नुसतं बसवू नका. मी कोडी आणली, मणी आणले, रंगीत चित्रं आणली. आबांनी ती सगळी शेजारच्या घरी देऊन टाकली. मग एकदा मी सहज म्हणून शाळेचा जुना टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला. माझं मशीन फोनला सांगतं मी कुठं आहे, फोन टॅबला सांगतो, आणि टॅबवरच्या नकाशात एक ठिपका चालत राहतो. पहिल्या दिवशी आबा सहा तास त्या ठिपक्याकडे बघत होते. आईनं सांगितलं, मधेच मोठ्यानं म्हणाले, "चला, कागलवाले फुडं या."

त्यानंतर माझं सायकल चालवणं बदललं. ठिपका चालू असला की आबा खुर्चीत असायचे, घरात असायचे, आमच्यातले असायचे. भूक लागली म्हणून सांगायचे, आईला नावानं हाक मारायचे. ठिपका नसला की ड्यूटीला उशीर झाला म्हणून दाराशी चपला शोधायचे आणि आडवं गेलं की रडायचे. रस्ता मला पाठ होता, नकाशाची मला काडीची गरज नव्हती. मी मशीन जिवंत ठेवत होते ते आबांसाठी.

म्हणून मी त्या आकड्याच्या मागे लागले. पडद्याचा उजेड इतका कमी केला की उन्हात काही दिसायचं नाही. नुसतं वळण आलं की उजळायचं आणि परत मिटायचं, अशी सोय करून घेतली. पुढच्या पिशवीत पॉवर बँक, तिची वायर हँडलला रबरानं बांधलेली. जिथं चहा तिथं चार्जिंग. त्यातून भलत्याच ओळखी झाल्या. निपाणीच्या पुढं एका हॉटेलात मालक चटणीच्या मिक्सरची पिन उपसून म्हणाला, "पावणं, तुमचं लावा आधी. चटणी काय पळत न्हाय." मशीनकडे बराच वेळ बघून त्यानं विचारलं, "ह्येच्यात दिसतंय काय?" मी म्हटलं, माझे वडील. तो हसला, मला वाटतं त्याला कळलं नाही. मीही जास्त सांगितलं नाही.

तो रविवार संक्रांतीनंतरचा. घराबाहेर पडताना अंधारात मशीन चालू केलं, घाईत आकडा पाहिला नाही. कागलला धुकं विरलं तेव्हा बघते तर अडतीस. सकाळी शंभर हवे होते. पॉवर बँक जोडली, तीही रिकामी. टाळकं तडकलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही वायरी आबांनी संध्याकाळी बोर्डात खोचल्या होत्या, पण बोर्डाचं बटन लावलं नव्हतं. खोचणं आठवत होतं, बटन विसरलं होतं. किंवा लावलं असेल आणि निजताना सगळ्या घराची बटनं बंद करत फिरायची त्यांची जन्माची सवय, त्यात तेही बंद झालं असेल.

निपाणीत थांबून भरून घ्यायला हवं होतं. मिक्सरवाला होताच. पण मी रागात होते आणि रागात मी थांबत नाही. तवंदीचा घाट चढले तेव्हा वीस होते. संकेश्वरला नऊ. गडहिंग्लजच्या अलीकडे, जिथं ना गाव ना फाटा, नुसता ऊस आहे, तिथं मशीननं एकदा डोळा मिचकावला आणि ते काळं झालं.

मी तिथंच उभी राहून घरी फोन लावला. आई बोलायच्या आधी मीच सुटले. "आबांना विचार, बटन कुणी लावायचं होतं? उतरलं ते. गडहिंग्लजच्या अलीकडंच उतरलं. आता फोन बी बंद करतो, वाचवायला लागंल. दिवेलागणीला येतो."

आणि फोन बंद केला. मशीन हा शब्द त्या सगळ्यात एकदाही माझ्या तोंडून निघाला नाही. मला वाटलं, कळलंच असणार. चार्जिंग उतरतं, बॅटरी उतरते, सगळं जग असंच बोलतं.

गडहिंग्लजला कुठल्याही हॉटेलात पाच मिनिटांत वायर लावता आली असती. मी लावली नाही. खरं सांगते, तासाभरानं राग गेला आणि मला बरं वाटायला लागलं. कुणी बघत नव्हतं. निळी रेघ नव्हती, बाण नव्हता. मी आजऱ्याच्या रस्त्याला लागले तेव्हा ऊन हवंहवंसं होतं आणि मी किती वेगात जाते आहे हे मला कळत नव्हतं. हिरण्यकेशीच्या काठाला उतरले, पाय पाण्यात सोडून भाकरी खाल्ली. पाणी इतकं सावकाश चाललेलं की ते वाहतंय की मी, असं व्हायला लागलं. एका झाडाखाली आडवी झाले आणि झोपलेसुद्धा. स्वप्नात मी लहान होते आणि आबांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले होते. खिडकीतून ऊस मागे पळत होता आणि मला कुठं जायचं आहे ते आबांना माहीत होतं, म्हणून मला माहीत असायची गरज नव्हती. इतकं सुखाचं स्वप्न मला त्याआधी कितीतरी वर्षांत पडलं नव्हतं.

त्याच वेळी घरी काय चाललं होतं ते मला संध्याकाळी कळलं.

आईनं फोन ठेवला आणि आबांनी विचारलं, "काय म्हणतीया?" आई म्हणाली, "काय न्हाय. उतरलं म्हणं गडहिंग्लजच्या अलीकडं."

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात लेकीला नेहमी 'ती' म्हणतातच असं नाही. लाडानं, काळजीनं म्हणतात ते सगळं नपुंसकलिंगात: आलं का, जेवलं का, झोपलं का. मी पन्नाशीला टेकले तरी आबांच्या लेखी मी 'आमचं पोरगं'च होते. आईच्या मते उतरलं ते मशीन. आबांच्या मते उतरलं ते पोरगं. आणि ज्या माणसानं तीस-बत्तीस वर्षं कोण कुठं उतरलं याचाच विचार केला, त्याला कळलं ते एवढंच, की आपलं पोरगं स्टॉप नसलेल्या ठिकाणी, उसात, एकटंच गाडीतनं उतरलं आहे. त्यांनी टॅबवर पाहिलं. ठिपका तिथंच थांबलेला होता.

मी घरी पोचले तेव्हा आई दारात उभी होती आणि शेजारची माणसं गल्लीत फिरत होती. दुपारी आईचा डोळा लागला होता. झोपेत तिनं दोन घंट्या ऐकल्या होत्या, पण घंट्या काय, दिवसभर वाजतच असतात. उठून बघते तर खुर्ची रिकामी, खुंटीवरचा जुना खाकी शर्ट नाही. टॅब खुर्चीत तसाच, आणि गडहिंग्लजच्या अलीकडे माझा ठिपका.

तो ठिपका बघितला आणि मला सगळं समजलं. मी तशीच सायकलवर बसून स्टँडवर गेले.

गडहिंग्लजच्या गाड्या लागतात तिथं ते उभे होते. वर खाकी शर्ट, खाली घरातला लेंगा, पायात दोन वेगळ्या चपला, हातात काठी. शेजारी एक तरुण बाई कंडक्टर त्यांचा कोपर धरून उभी होती. तिनं मला बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमचे हाईत का? दुपारपासनं हितंच हाईत. येईल त्या गाडीला विचारत्यात. बसा म्हटलं तर बसत न्हाईत, ड्यूटीवर हाय म्हणत्यात."

नुकतीच एक गाडी लागली होती. आबा दारातल्या कंडक्टरला विचारत होते, "आमचं पोरगं मधीच उतरलंय. गडहिंग्लजच्या अलीकडं. मागनं येताना घेतलासा काय?"

मी समोर गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हेल्मेटकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"स्टॉप सोडून उतरायचं नसतंय," ते म्हणाले. "किती डाव सांगितलंय तुला."

मी त्या स्टँडवर, माझ्या कुणी विद्यार्थिनी बघत असतील याची पर्वा न करता, मोठ्यानं रडले. नदीकाठी झोपले होते त्या प्रत्येक मिनिटाची मला लाज वाटत होती. त्या बाई कंडक्टरनं रिक्षा बोलावली, सायकल स्टँडवरच ठेवून घेतली आणि आबांना म्हणाली, "जाऊ द्या आता, ड्यूटी संपली तुमची." आबांनी तिला नमस्कार केला.

पुढं तीन आठवडे मी सायकलला हात लावला नाही. मला वाटलं, हाच उपाय. पण रोज सकाळी आबा रिकामा टॅब मांडीवर घेऊन बसायचे आणि विचारायचे, "आज गाडी न्हाय?" दुपार झाली की चपला शोधायचे. शेवटी आईच वैतागली. "तू घरात बसलीस तर ह्ये बी घरात बसत न्हाईत. जा बाई तू. पर ते तुझं मशीन तेवढं मरू देऊ नगंस."

म्हणून मी कबनूरला गेले. तिथं यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करणारा एक फिटर आहे. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. चहूबाजूंनी मागांची खटखट चाललेली, त्यात त्याचं बोलणं ऐकायचं म्हणजे तोंडाकडे बघावं लागतं. पुढच्या चाकाच्या मधोमध बसणारा डायनमो मी मागवून घेतला होता. चाक फिरलं की त्यातून वीज निघते, पण ती मशीनला चालेल अशी करायला एक डबी हवी होती. ती त्यानं दोन दिवसांत बनवली, तंबाखूच्या जुन्या पत्र्याच्या डबीतच. सायकल उलटी करून त्यानं हातानं चाक फिरवलं आणि माझं मेलेलं मशीन उजळलं. मी टाळ्या वाजवल्या.

"बाई, एक ध्यानात ठेवा," तो खटखटीवर ओरडला. "चढाला तुम्ही मुंगीगत जाणार. तवा ह्यो काय द्यायचा न्हाय. चढाला उतरतंय, उताराला चढतंय. सपाटीला धरून ऱ्हातंय."

"परत म्हणा," मी म्हटलं.

त्यानं परत म्हटलं. त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही.

त्यानंतरचा हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर हिवाळा. तवंदीचा घाट चढताना आकडा उतरायचा: चौसष्ट, त्रेसष्ट, बासष्ट. मी घामानं भिजायची, मनात म्हणायची, जरा थांब, येताना देतो तुला. परतताना घाटमाथ्यावरून सायकल सोडून दिली की वारा कानात भरायचा, पुढच्या चाकातून बारीक गुणगुण यायची आणि आकडा हळूहळू वर चढायचा. मला दिसायचं, की हे माझं उतरणं चाकातून वायरीत जातंय, वायरीतून मशीनमध्ये, तिथून फोनमध्ये, आणि फोनमधून आमच्या घरातल्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर. भूगोलाच्या बाईला असलं काही दिसू नये, पण दिसायचं.

आबांनी आता गाडी भरायला सुरुवात केली होती. मी चहाला थांबले की आईचा फोन यायचा. "संकेश्वरात एक म्हातारी चढलीय म्हणत्यात. तिला खिडकीजवळ जागा दे."

"दिली म्हणून सांग."

"आणि केळीचा घड कुणाचा तरी वाटेत पडलाय, तो सरकवून ठेव म्हणत्यात."

"ठेवला."

आधी मी थट्टेनं बोलायची. मग मला सवय झाली. खड्डा आला की मी म्हातारीसाठी सांभाळून जायची. मागं कुणीतरी बोलतंय, कुणाचं पोर झोपलंय, असं वाटत राहायचं. ऊन चढलं की रस्त्यावर पाण्यासारखं चमकतं, त्या चमकीत मी एकटी कधीच नव्हते. सगळे मिळून आम्ही आजऱ्याला जाऊन यायचो, आणि ठिपका एकदाही विझला नाही.

हे मागच्या महिन्यातलं. आजऱ्याहून परतले तेव्हा उन्हं कलली होती. आबा खुर्ची दाराशी ओढून घेऊन व्हरांड्यात बसले होते. मांडीवर टॅब, हातात घंटीची दोरी. मी सायकल दारात उभी केली आणि हेल्मेट काढलं.

आबांनी वर पाहिलं. परक्या माणसाशी बोलताना त्यांचा आवाज नेहमी मऊ व्हायचा, तसा झाला.

"पावणं, जरा बाजूला व्हा की. आमचं पोरगं यायलंय. गाडी हितं लागणार हाय."

माझ्या हातातलं हेल्मेट हातातच राहिलं. आई आतून चहा घेऊन येत होती, ती चौकटीत थांबली.

"कुठनं येतंय?" मी विचारलं.

"आजऱ्यासनं. ह्ये बघा की, आलंच." त्यांनी टॅब माझ्याकडे वळवला. नकाशात आमची गल्ली होती, आमचं घर होतं, आणि घराच्या दारात ठिपका होता. ते त्याच्याकडे आनंदानं बघत होते. आयुष्यात मला कुणी बाजूला व्हा म्हटलं आणि मी भांडले नाही, असं हे पहिल्यांदाच झालं.

मी "बरं" म्हटलं. हेल्मेट परत घातलं, सायकल वळवली आणि गल्लीच्या टोकाला पिठाच्या गिरणीपाशी जाऊन उभी राहिले. मशीनवर एकाहत्तर आकडा होता. बाण माझ्याबरोबर आला होता, म्हणजे ठिपकाही आला असणार. डोळे पुसले. गिरणीवाला म्हणाला, "काय ओ बाई, काय विसरलासा?" मी मान हलवली. मग पायडल मारलं आणि अगदी सावकाश घराकडे निघाले, कारण ठिपका माझ्या चार-पाच क्षण मागं असतो आणि त्याला मला गाठू द्यायचं होतं.

आबा टॅबकडे बघत होते, मग गल्लीकडे, परत टॅबकडे. मी दारासमोर आले आणि त्यांनी दोरी ओढली. एकदाच.

"उतर की," ते म्हणाले. "आलं गाव. दमलंय बघ माझं पोरगं."

मी उतरले.

चहा झाल्यावर ते म्हणाले, "आण ते मशीन." मी दिलं. त्याला आता रस्त्यावरच पुरेसं मिळतं, रात्री चार्जिंगची गरज नसते, हे त्यांना सांगितलेलं नाही. त्यांनी उजव्या हातानं बराच वेळ खटपट करून वायर खोचली आणि समाधानानं मागं टेकले. बटन लावलं नाही.

"पहाटंपतूर भरतंय बघ," म्हणाले.

"व्हय, आबा."

ते टीव्हीकडे वळले तशी मी हळूच हात पुढं करून बोर्डाचं बटन दाबलं. टक् आवाज झाला. आबांनी झटक्यात मान वळवली आणि कंडक्टरच्या आवाजात विचारलं, "कोण उतरलं?"

"कोण न्हाय, आबा," मी म्हटलं. "सगळी गाडीतच हाईत."